अठ्ठावीस तारखेपर्यंत

बाळांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर चला. फेब्रुवारीतली सकाळ आहे असं समजा. समोर एक कोरडा ओढा आहे. तो ओलांडून चढ चढलात की एक वस्ती लागते. ब्याऐंशी घरं, मातीच्या भिंती, वर पत्रे. आता घरं मोजत चला. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्याला कुलूप नाही, पण कडीला सुतळी बांधून गाठ मारलेली. चौथ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांचं पोर. पाचव्याला पुन्हा कुलूप. तुमच्या हातात सरकारी कागदांची चळत आहे, आणि तुम्हाला एकच काम सांगितलंय. या वस्तीत माणसं किती, ते लिहून आणायचं.

किती लिहाल?

मी त्या ओढ्यात उभा राहून हाच विचार करत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"गुर्जी, सुतळीचं धरून एकसष्ट कुलपं हायत. म्या कालच मोजली."

राही होती. माझ्या पाचवीच्या वर्गातली. वस्तीतली बाकीची बहुतेक पोरं आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली होती. दसरा झाला की कारखान्याच्या ट्रका यायच्या आणि वस्ती भरून न्यायच्या, ती थेट उन्हाळा लागल्यावर परत यायची. राही मागे राहायची, कारण तिच्या आज्जाला सांभाळायला कुणी नव्हतं. आणि बाप फडावर गेला की तिला सांभाळायलाही आज्जाशिवाय कुणी नव्हतं.

"तू कशाला मोजलीस?" मी विचारलं.

"तुम्ही वर्गात म्हणला होता ना, शिरगणती येनार म्हनून. म्हनलं, तुमचं काम हलकं करावं."

बोरटाकळीच्या शाळेत मी तेव्हा अकरा वर्षं मास्तर होतो. शिरगणती, म्हणजे जनगणना, आली की मास्तरलाच प्रगणक करतात. त्या वर्षी गाव दुसऱ्या मास्तरांकडे होतं आणि ओढ्यापलीकडची खडकवस्ती माझ्याकडे.

राहीचा आज्जा, हरिबा, दाराशी घोंगडीवर बसला होता. ही वस्ती त्यानेच वसवली होती. तरुणपणी चार भावांना घेऊन तो या खडकावर आला आणि पहिलं खोपट त्याने घातलं. पुढची सगळी घरं त्याच्या भावकीची. आता छातीत कफ भरलेला, श्वास घेताना शिट्टी वाजायची, पण बोलणं धारदार.

"या, सरकार," तो म्हणाला. "मला दोनदा मोजा. एकदा मला आन् एकदा माझ्या काठीला. तिच्याबिगर मी कुटं?"

"काठीचं वय काय लिहू?"

"लिहा, म्हाताऱ्यापरीस तरणी हाय."

राही हसली. मी बाजेवर बसलो, कागद काढले. हरिबाचं नाव लिहिलं, वय पंच्याहत्तर. राहीचं नाव लिहिलं, वय अकरा. मग राही आतून एक वही घेऊन आली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिने वस्तीतलं प्रत्येक घर एका पानावर मांडलं होतं. घरात कोण, कोणाचं वय काय, लग्न झालंय का, लिहिता-वाचता येतं का. मी वर्गात फळ्यावर रकाने काढून दाखवले होते, अगदी तसे. तान्ह्या पोरांचीही नावं होती. शेवटच्या पानावर बेरीज, चारशे सहासष्ट.

मी ती बेरीज पुन्हा करून पाहिली. बरोबर होती.

"राही," मी म्हणालो, "फार सुंदर काम केलंस. पण बाळ, यातली जी माणसं इथं नाहीत, ती मला लिहिता येणार नाहीत."

"का?"

आता, मला समजावून सांगायला आवडतं. कुणी 'का' विचारलं की माझं बाकीचं काम राहतं. मी तिला म्हटलं, चिंचोके आण. चुलीजवळ पत्र्याचा एक डबा होता, त्यात ते असायचे. मी अंगणात चिंचोक्यांचा एक ढीग केला आणि ओढ्याऐवजी एक काडी ठेवली.

"हे गाव. ही तुमची वस्ती. गावाची पंचायत आहे, तिचे तीन प्रभाग करायचे. प्रत्येक प्रभागात माणसं साधारण सारखी हवीत, सव्वाचारशे, साडेचारशे. मग रेघ कुठून ओढायची हे कोण ठरवतं?"

"सरपंच?"

"नाही. चिंचोके ठरवतात. जिकडे जितके, तशी रेघ सरकते. दर दहा वर्षांनी मोजणी होते आणि त्या आकड्यावरून रेघा पुन्हा ओढायच्या असतात. पंचायतीपासून थेट मुंबईच्या विधानसभेपर्यंत रीत हीच. आधी मोजायचं, मग रेघ ओढायची."

राहीने काडीच्या अलीकडे चिंचोके मोजून ठेवले. चारशे सहासष्ट व्हायला बराच वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हंजी वस्तीचा एक प्रभाग होतोय की. आख्खा. आमचाच."

"होतो."

"मग आता का न्हाई?"

उत्तर हरिबाने दिलं. "मागच्या टायमाला मोजली तव्हाबी आमी फडावर होतो, पोरी. कागदावर एकशेवीस मानसं निगाली. मंग वस्तीची केली दोन फाकं. वरची घरं गावच्या एका प्रभागात, खालची दुसऱ्यात. मी तीनदा हुबा राह्यलो. तीनदा पडलो. निम्मी मतं हिकडं, निम्मी तिकडं. गावाला आमची मतं लागत्यात, आमी लागत नाय."

तो कशासाठी उभा राहायचा हे मला माहीत होतं. ओढ्यावर साकव हवा होता. लहानसा पूल, बैलगाडी जाईल एवढा. तीन अर्ज त्याने माझ्याकडूनच लिहून घेतले होते. पंचायतीत ठराव मांडायलाच कुणी नसायचं. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात राहीच्या आईला कळा सुरू झाल्या, तेव्हा ओढा दोन्ही काठ भरून चालला होता. सहा माणसं बाज खांद्यावर घेऊन काठापर्यंत गेली आणि पाणी उतरायची वाट बघत तिथेच बसली. सकाळी पाणी उतरलं. तोवर बाजेवरची आई गेली होती आणि पोटातलं बाळही.

राही अजून चिंचोक्यांकडे पाहत होती. "गुर्जी, फेब्रुवारीतच का मोजत्यात?"

"कारण तेव्हा पाऊस नसतो, फार ऊन नसतं, पेरणी-काढणी नसते. माणसं घरी सापडतात."

तिने मान वळवून कुलपांच्या रांगेकडे पाहिलं. "कुनाची?"

मी समोरचे चिंचोके सारखे करू लागलो. 

"मग आमच्या मानसांना तिकडं तरी कुनी मोजतंय का? फडावर?"

"मोजायला हवं. तिथल्या मास्तरने कोप्यांवर, उसाच्या पाल्याच्या झोपड्यांवर, जायला हवं. कोपी म्हणजेसुद्धा घरच."

"जात्यात का?"

"नियम आहे," मी म्हणालो.

हरिबा खोकत खोकत हसला. "नियम हाय म्हनं."

मग मी ती गोष्ट सांगितली, जी नसती सांगितली तर बरं झालं असतं. पण मी मास्तर. नियम अर्धा सांगून सोडवत नाही.

"हे बघ. नऊ फेब्रुवारी ते अठ्ठावीस फेब्रुवारी, असे वीस दिवस आहेत. माणूस कायम राहणारा इथला असेल, आणि या वीस दिवसांत एक दिवस जरी घरी आला, तरी त्याला इथं लिहिता येतं. फक्त दुसरीकडे त्याचं नाव लिहिलेलं नसावं."

"येक दिवस?" राही म्हणाली.

"एक दिवस."

"अठ्ठावीस तारखेपर्यंत?" हे हरिबाने विचारलं.

"अठ्ठावीस तारखेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी मी उघड्या एकवीस घरांची माणसं लिहून पुरी केली. म्हाताऱ्या, म्हातारे, पोरंटोरं, एक लंगडा जावई. एकशे अठरा. निघताना राहीने मला हरिबाच्या दाराशी अडवलं. तिने बहुतेक रात्रभर विचार केला होता.

"गुर्जी, तार पाठवाल?"

"कुणाला?"

"आबाला." आबा म्हणजे तिचा बाप, लिंबाजी. "कारखान्याच्या पत्त्यावर. आज्जा वारला म्हनून."

मी हरिबाकडे पाहिलं. तो काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून आमच्याकडे बघत होता. त्याला राग आलेला दिसला नाही.

"असं कसं बोलतेस?" मी म्हणालो. "तुझा आज्जा समोर बसलाय."

"लग्नाला येक-दोन मानसं येत्यात," राही बोटांवर मोजत म्हणाली. "आजारी हाय म्हनलं तर येकला आबा येईल. मुकादम बाकीच्यांना सोडत न्हाई. पन मातीला समदे येत्यात. आन् आज्जाच्या मातीला तर मुकादमबी येनार, त्योबी भावकीतलाच. गाड्या भरून येतील. येक दिवस येतील, तुम्ही लिवून घ्या, मंग जातील. आज्जाला वाईट वाटनार न्हाई, म्या विचारलंय त्याला."

"मला इचारलंय तिनं," हरिबा म्हणाला. "मी म्हनलं, मेल्यावर कोन कोन रडतंय ते तरी बघायला मिळंल."

मी हसलो नाही. खाली बसलो, राहीला जवळ घेतलं आणि तिला जे सांगितलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं.

"राही, मोजणीत खोटं चालत नाही. एक खोटं घातलं की सगळा आकडा खोटा होतो. मग गावातला माणूस म्हणेल, वस्तीवाल्यांनी कागद फुगवला, आणि त्याचं खरं ठरेल. तार खरी असली तर मी स्वतः तालुक्याला जाऊन पाठवीन. खोटी पाठवणार नाही."

राहीचे डोळे भरून आले. तिने भांडण केलं नाही. मी शिकवलेलं तिला पटायचं, ही तिची मोठी अडचण होती.

"बरुबर हाय गुर्जींचं," हरिबा म्हणाला. "खोटी नगं."

त्या आठवड्यात त्याच्या छातीतला कफ वाढला. मी उपकेंद्राच्या नर्सबाईंना घेऊन गेलो. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि म्हणाल्या, न्यूमोनिया दिसतोय, तालुक्याच्या दवाखान्यात दाखल करा. तोवर या गोळ्या, रोज तीन, पाच दिवस. कॅप्सूलच्या पंधरा गोळ्या त्यांनी कागदात बांधून दिल्या. अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या.

"उद्या गावातून बैलगाडी आणतो," मी म्हणालो. "ओढा कोरडा आहे. दोन तासांत दवाखाना."

"शिमगा झाला की जाऊ, गुर्जी."

"शिमग्याला कशाला थांबायचं?"

"अंगात जरा ताकद येऊ द्या. या गोळ्या हायतच की. ही पोरगी मोजून देती मला." त्याने राहीच्या डोक्यावर हात ठेवला. "सकाळ, दुपार, सांज."

"ह्याच हातानं देते," राही म्हणाली. "पानी मीच देते. गिळल्याशिवाय तांब्या घेत न्हाई."

मी दर दिवसाआड जात राहिलो. दर वेळी गाडीचं विचारलं, दर वेळी तो म्हणाला, शिमगा झाला की. एकदा मी चिडलोसुद्धा. तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "गुर्जी, आज किती तारीक?"

"तेवीस."

"हां," तो म्हणाला. "हाय येळ."

मला वाटलं, बरं व्हायला वेळ आहे असं म्हणतोय.

पंचवीस तारखेला पहाटे राही एकटी ओढा ओलांडून माझ्या खोलीवर आली. पायात चप्पल नव्हती. दार वाजवलं नाही, पायरीवर बसून राहिली. मी दूध आणायला दार उघडलं तेव्हा ती उठून उभी राहिली, वर्गात उठते तशी.

"गुर्जी, आता तार खरी झाली."

मी सायकलवर तालुक्याला गेलो. पोस्ट दहाला उघडलं. तारेच्या कागदावर कारखान्याचा पत्ता लिहिला, मुकादम आश्रोबाचं नाव लिहिलं, आणि खाली तीन शब्द. 'हरिबा वारले. या.' खिडकीतल्या माणसाने शब्द मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच ट्रका आल्या. ओढ्याच्या अलीकडे थांबल्या. माणसं उतरून ओढा चालत पार करू लागली. बायका काठापासूनच रडत होत्या. अंगावर उसाच्या पाल्याचे चरे, केसांत भुसा. कुलपं एकामागून एक निघत गेली. कुणी आत जाऊन नुसतं देवळीतल्या देवाच्या पाया पडून बाहेर आलं. चार महिने बंद असलेली वस्ती अर्ध्या तासात माणसांनी भरली, आणि मधोमध अंगणात हरिबा निजलेला, कपाळाला बुक्का लावून.

माती झाली. सगळे आडावर अंघोळी करून ओल्या केसांनी परतले. आश्रोबा मुकादम माझ्याशेजारी येऊन बसला. जाडजूड माणूस, पण रडून डोळे सुजलेले.

"चुलता होता माझा," तो म्हणाला. "पहिली कोयती त्यानंच धरायला शिकवली. पर काय करू, सांजच्याला गाड्या काढाव्याच लागतील. बैलं तिकडं बांधलेली हायत, पंचवीस मानसं राखनीला ठिवलीत. कारखाना थांबत नाय."

"सांजेपर्यंत आहात ना?"

"हावोत."

माझी पिशवी खांद्यावरच होती. त्यातले कागद काढायला माझा हात होईना. ज्या अंगणात सकाळी प्रेत होतं, तिथे बसून 'नाव काय, वय काय' विचारायचं? मी तसाच बसून राहिलो. ऊन कलायला लागलं. शेवटी लिंबाजी आला, राहीचा बाप. उंच, वाकलेला. राही त्याचं बोट धरून होती. तिच्या दुसऱ्या हातात निळी वही.

"लिवा गुर्जी," तो म्हणाला. "पोरीनं सांगितलं समदं. आलोच हावोत तर लिवा."

राहीने माझ्यासमोर घोंगडी अंथरली. तीच, हरिबाची. आणि घर नंबर एकपासून एकेक घर ती बोलावून आणू लागली. ओल्या केसांनी माणसं समोर बसायची. राही वहीचं पान उघडून धरायची, मी नावं वाचायचो, ते माना हलवायचे. रडू मधूनच यायचं, मग थांबायचं, मग पुढचं नाव.

प्रत्येकाला मी विचारत होतो, "तिकडे फडावर कुणी तुमचं नाव लिहून नेलं का?"

"तिकडं कोन येतंय, गुर्जी?"

"कुनी नाय आलं."

"येक मास्तर रस्त्यावरून गेला सायकलीवर. हिकडं बघितलं बी नाय."

एका म्हाताऱ्याने सांगितलं, "त्याला म्हनलं आमाला लिवा, तर म्हनला, तुमचं तुमच्या गावात लिवतील."

दोन घरांतल्या नऊ माणसांची नावं मात्र कारखान्याजवळच्या एका मास्तरने लिहून नेली होती. ती मी सोडली. आश्रोबा म्हणाला, "लिवून टाका की वो, कोन बघतंय?" मी काही बोलायच्या आत राही म्हणाली, "न्हाई काका. येक खोटं घातलं की समदा आकडा खोटा होतो."

सूर्य टेकायला आला तेव्हा शेवटचं घर झालं. मी बेरीज केली. आधीचे एकशे अठरा, आजचे तीनशे चौदा. चारशे बत्तीस. आश्रोबाने हाका मारायला सुरुवात केली. बायकांनी कुलपं लावली, किल्ल्या कमरेला खोचल्या. लिंबाजी राहीला सोबत न्यायला निघाला होता. ती म्हणाली, परीक्षा झाल्यावर येते. शेजारच्या भागाबाईंनी तिला आपल्याकडे ठेवून घेतलं. ट्रका गेल्या, धुळीचा लोट बराच वेळ ओढ्यावर रेंगाळला.

त्या आकड्याचं पुढे काय झालं, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे मग शेवटी मला पुन्हा इकडे वळावं लागणार नाही. मोजणी झाली म्हणून रेघा लगेच बदलत नाहीत. आकडे जाहीर व्हायला वेळ जातो, मग हरकती, मग सुनावण्या. पाच वर्षं गेली. मग खडकवस्तीचा एक प्रभाग झाला, अख्खा. आश्रोबाची सून निवडून आली. साकव व्हायला आणखी तीन पावसाळे गेले. त्यावर कुणाच्या नावाची पाटी नाही. मी आजही कधी तिकडे गेलो की त्याच्या कठड्याला हात लावतो आणि मग ओढ्यात उतरून खालून चालत जातो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. गोष्ट मार्चच्या दोन तारखेला संपते.

मोजणीचा एक दुसरा फेरा असतो. एक ते पाच मार्च. प्रगणकाने पुन्हा प्रत्येक घरी जायचं आणि दोन गोष्टी विचारायच्या. एक मार्चचा सूर्य उगवण्याआधी घरात कुणी जन्मलं का? असेल तर लिहायचं. आणि लिहून घेतल्यापासून तोपर्यंत कुणी वारलं का? असेल तर खोडायचं.

मी वस्तीत गेलो. हरिबाचं घर शेवटी ठेवलं. राही ओट्यावर बसली होती. समोर चिंचोक्यांचा डबा.

"तुम्ही येनार माहीत होतं," ती म्हणाली. "पुस्तकात लिवलंय. दुसरा फेरा."

माझं प्रगणकाचं पुस्तक तिने मागे एकदा वाचायला नेलं होतं.

मी तिच्या शेजारी बसलो. कागद काढला. घर नंबर एक, वस्तीतलं पहिलं खोपट. पहिलं नाव, हरिबा. माझं पेन त्या नावाजवळ गेलं आणि थांबलं.

"म्हनलं, येक चिंचोका मीच काढून ठिवावा," राही म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी. म्हनून डबा वतला."

तिने मूठ उघडली. तिच्या तळहातावर गोळ्या होत्या. अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या. त्यांना चिंचोक्यांची भुकटी लागली होती.

"गुर्जी, नर्सबाईंनी किती दिल्या होत्या?"

"पंधरा," मी म्हणालो.

"पंधराच हायत."

ओढ्यापलीकडून शाळेची घंटा ऐकू आली. 

"म्या देत होते," ती म्हणाली. "पानी म्याच देत होते. त्यो मान वर करायचा, घोट घ्यायचा, म्हनायचा, गेली बघ. गालात ठिवत असंल. मी पानी वतायला भाईर गेले की डब्यात टाकत असंल." तिने डबा जवळ ओढला. "डबा त्याच्या उशाशीच होता. म्या म्हनायचे चुलीजवळ ठिवते, तर म्हनायचा, असू दे हितंच, माझी मानसं हायत त्यात."

मला तेवीस तारीख आठवली. हाय येळ. मला बैलगाडी आठवली, जी मी विचारत राहिलो आणि आणली नाही. आणि मला अंगणातला मीच आठवलो, चिंचोके मांडून, बोट वर करून, अठ्ठावीस तारखेपर्यंत, एक दिवस, फक्त एक दिवस, असं छान समजावून सांगणारा.

"गुर्जी."

"बोल."

"आज्जानं खोटं केलं का?"

आयुष्यभर पोरांनी मला प्रश्न विचारले. बहुतेकांची उत्तरं मला येत होती, आणि ज्यांची येत नव्हती त्यांना मी म्हणायचो, उद्या बघून सांगतो. त्या दिवशी मी तसंही म्हणालो नाही. हातातलं पेन मी कागदावर आडवं ठेवून दिलं.

राहीने माझ्याकडे पाहिलं. मग ती कामाला लागली. आधी तिने गोळ्या एकेक करून फ्रॉकला पुसल्या, माझ्या पिशवीतल्या कोऱ्या कागदाची पुडी केली, त्यात मोजून पंधरा घातल्या आणि ती पुडी माझ्या खिशात ठेवली.

"नर्सबाईंना परत द्या. कुनाला तरी लागतील."

मग आत जाऊन ती दप्तरातली फूटपट्टी घेऊन आली. कागद आपल्याकडे ओढला. पट्टी नावाच्या बरोबर मध्ये ठेवली, डाव्या हाताने घट्ट दाबून धरली, जसं मी तिला दुसरीत शिकवलं होतं, म्हणजे सरकत नाही. माझं पेन उचललं आणि हरिबाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

शाई ओली होती. ती कागदावर वाकली, आणि शाई पसरू नये म्हणून त्या नावावर हळू हळू फुंकर घालत राहिली.